उन्हाला न भिणारी फुले

चैत्र लागला की रान ओकेबोके दिसू लागते. गहू, हरभरा खळ्यावरून घरी आलेला असतो. विहिरीचे पाणी रोज हातभर खाली जाते. मोटर दोन तास चालली की विहीर तळ दाखवते. अशा वेळी थोड्याशा पाण्यावर काय लावावे, हा प्रश्न लहान शेतकऱ्याला दर साली पडतो. ऊस लावण्याइतके पाणी नाही. रान मोकळे ठेवावे तर हाताला काम नाही.

आणि याच दिवसांत फुलांना मागणी असते बरे का! पाडवा येतो. गावोगावच्या जत्रा येतात. अक्षय्य तृतीया येते. वैशाखातली लग्ने तर विचारूच नका. मांडवाला तोरण हवे, नवरा-नवरीला हार हवेत. पण शेवंतीसारखी थंडीतली फुले तेव्हा संपलेली असतात. मग फूल आणायचे कुठून?

काही फुलझाडे अशी आहेत की त्यांना ऊन मानवते. बी टाकले, झाड वाढले, फुलले, बी धरले आणि वाळून गेले. त्यांचा सारा जन्म एका हंगामात आटोपतो. यांना आपण हंगामी फुलझाडे म्हणू. या पाठात त्यांचीच माहिती आहे. थोडी माहिती दारातल्या झाडांची आहे. जास्त माहिती पाच-दहा गुंठ्यांत लावून चार पैसे मिळवण्याची आहे.

पहिला मान गलांड्याचा

पुष्कळांना झेंडू आधी आठवेल. पण खऱ्या उन्हाचे फूल म्हटले तर आम्ही गलांड्याचे नाव आधी घेऊ. तांबडे फूल, पाकळ्यांच्या टोकांना पिवळी किनार. काही नुसती पिवळी, काही नुसती तांबडी. पुस्तकात याला गेलार्डिया म्हणतात. हे मूळचे उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळरानाचे झाड. त्यामुळे हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते. एखादी पाळी चुकली तरी ते तग धरते. मात्र पाणी साचणारी चिकण जमीन त्याला सोसत नाही. मुळे कुजतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते.

झेंडू हा मूळचा मेक्सिको देशाचा. उंच झाडाच्या, मोठ्या गोंड्याच्या झेंडूला आफ्रिकन झेंडू म्हणतात. बुटक्या, लहान फुलांच्या झेंडूला फ्रेंच झेंडू म्हणतात. गंमत अशी की दोघांचाही जन्म आफ्रिकेतला नाही की फ्रान्समधलाही नाही. नाव एकीकडचे आणि गाव दुसरीकडचे! समुद्र ओलांडून हे फूल आपल्याकडे आले आणि असे मिसळून गेले की आज त्याच्यावाचून दसरा होत नाही.

झेंडूला ऊन हवे. पण फार कडक ऊन झाले की त्याचे फूल लहान पडते. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की गोंडा पहिल्यासारखा भरत नाही. म्हणून उन्हाळी झेंडू लावायचा तर लवकर लावावा. एप्रिलच्या शेवटापर्यंत त्याचे चांगले तोडे पदरात पडले पाहिजेत. मे महिन्याचा भरवसा गलांड्यावर ठेवावा. ज्याचे रान थोडे आहे त्याने दोन्ही थोडे थोडे लावावे, असे आमचे मत आहे. एकाचा भाव पडला तर दुसरा हात देतो.

उलटे मोजा

फुलाच्या शेतीत तारखेला फार किंमत आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फुललेले फूल कोणी विचारत नाही. म्हणून आधी सण किंवा लग्नाची तीथ धरावी आणि तिथून मागे मोजत यावे.

बी टाकल्यापासून रोप लावणीला येईपर्यंत २५ ते ३० दिवस लागतात. लावणीपासून झेंडूचे पहिले फूल यायला साधारण दोन महिने लागतात. जातीप्रमाणे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतात. म्हणजे बी टाकल्यापासून तीन महिने धरा. एप्रिलच्या मध्यावर फूल हवे असेल तर जानेवारीच्या मध्यावर बी टाकले पाहिजे. पाडव्याला हवे असेल तर डिसेंबरातच. पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. तेव्हा कॅलेंडर पाहून मगच ठरवा.

काही जाती जास्त दिवस घेतात. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा नारंगी गेंदा' ही जात बी टाकल्यापासून चार महिन्यांहून जास्त दिवस घेते. 'पुसा बसंती गेंदा' तर त्याहूनही थोडी उशिरा येते. बी घेताना दुकानदाराला नुसते 'झेंडूचे बी द्या' म्हणू नका. कोणती जात आणि किती दिवसांची, हे विचारा.

पाकीट वाचा

आता तुम्हाला अक्षर लागले आहे. त्याचा पहिला उपयोग इथे करा. बियांच्या पाकिटावर जातीचे नाव असते. वजन असते. शंभरांतले किती बी उगवेल, तो आकडा असतो. तपासणीची तारीख आणि मुदतीची तारीख असते. लॉट नंबर असतो. मुदत संपलेले पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. पावती मागून घ्या. पावतीवर जात आणि लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट फाडताना छापलेली बाजू शाबूत ठेवा. चिमूटभर बी पाकिटातच राहू द्या. बी उगवलेच नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. तेव्हा तोंडी बोलण्यापेक्षा हे पाकीट आणि ही पावती जास्त बोलतात.

रोप करणे

दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच असा गादीवाफा करा. माती बारीक करा. चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेण घालू नका. त्याने हुमणी होते आणि रोप जळते. चार बोटांच्या अंतरावर रेघा ओढा. रेघेत बी विरळ टाका आणि वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्या. बी खोल गाडले तर वर येत नाही. झारीने पाणी द्या. वर गवत किंवा पाचट पसरा. चार-सहा दिवसांत झेंडूचे कोंब दिसतात. गलांड्याला थोडे जास्त दिवस लागतात. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गवत काढून टाका. उशीर केला तर रोप लांबट आणि पिवळे होते.

पुष्कळांची रोपे इथेच जातात. सकाळी पाहावे तर रोप जमिनीलगत पिचून आडवे पडलेले. लोक म्हणतात, उन्हाने गेले. ऊन बिचारे बदनाम होते. खरा शत्रू असतो जादा पाणी. वाफा सतत चिखल राहिला की मातीतली बुरशी देठ खाते. सकाळी पाणी द्यावे, संध्याकाळपर्यंत वरची माती सुकू द्यावी. बी दाट टाकू नये. पेरणीआधी बियांना ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळली तर आणखी चांगले. दुपारी दोन-तीन तास गोणपाटाची किंवा जाळीची सावली करा. मात्र लावणीच्या आधी आठ दिवस सावली काढा. रोपाला ऊन सोसायची सवय झाली पाहिजे.

रोपे किती लागतील? हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवले, तर एका रोपाला तीन चौरस फूट जागा लागते. १,०८९ ला ३ ने भागा. ३६३ आले. काही रोपे मरतात, म्हणून गुंठ्याला ४५० रोपे करावीत. पाच गुंठ्यांना २,२५० झाली.

लावण आणि पाणी

रानाला गुंठ्यामागे सुमारे १०० किलो कुजलेले शेणखत द्या. सऱ्या पाडा. पाच-सहा पानांचे, वीतभर उंचीचे रोप घ्या. लावण ऊन उतरल्यावर, संध्याकाळी करा. भर दुपारी लावलेले रोप रात्रीपर्यंत मान टाकते. रोप सरीच्या बगलेत लावा आणि लगेच पाणी द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी द्या.

मग प्रश्न येतो, पाणी किती दिवसांनी द्यायचे? कोणी म्हणेल चार दिवसांनी, कोणी म्हणेल आठ. आम्ही म्हणतो, झाडाला विचारा. दुपारी दोन वाजता पाने लुळी पडली, तर घाबरू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर मुळाशी पाणी आहे. पण सकाळी उठून पाहिले आणि तेव्हाही पाने लुळीच आहेत, तर झाड तहानलेले आहे. त्या दिवशी पाणी दिलेच पाहिजे. मातीलाही विचारता येते. चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा. भुगा झाला तर पाणी द्या. आणि एक ध्यानात असू द्या. सकाळी लुळे असलेले झाड हे जादा पाण्याने मुळे कुजलेलेही असू शकते. म्हणून दोन्ही खुणा पाहा, एकीवर विसंबू नका.

पाणी पहाटे किंवा रात्री द्यावे. दुपारचे पाणी वाफ होऊन उडते. सरीत आणि बुडाशी पाचट, वाळले गवत अंथरले की ओल टिकते आणि तणही कमी उगवते. पाणी फारच कमी असेल तर एक सरी आड पाणी द्या. पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या भिजवा. ठिबक असेल तर उत्तमच.

खताचा हात आखडता ठेवा. गुंठ्याला साधारण दोन किलो युरिया पुरे होतो. अर्धा लावणीच्या वेळी, अर्धा महिन्याने. त्याच्या जोडीला लावणीच्या वेळी स्फुरद आणि पालाशही द्यावे. माती तपासून घेतली असेल तर त्या कागदात लिहिल्याप्रमाणे द्या. शेजाऱ्यापेक्षा जास्त युरिया टाकला म्हणून फूल जास्त येत नाही. झाड हिरवेगार माजते, पाला होतो, कळी उशिरा धरते. पाहणारा म्हणतो, वा काय झेंडू! पण बाजारात पाला विकत नाहीत.

शेंडा खुडायला मन होत नाही

लावणीनंतर महिन्याभराने उंच जातीच्या झेंडूचा शेंडा खुडावा लागतो. वरचा तीन-चार बोटांचा कोंब नखाने तोडायचा. पुष्कळांना हे पाप वाटते. हातचे फूल कशाला तोडायचे? कारण असे आहे. शेंडा जोवर आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. घरातला कर्ता बाकीच्यांना बोलू देत नाही, तसे! शेंडा गेला की बगलेचे डोळे फुटतात. एका फांदीच्या जागी सहा-आठ फांद्या होतात. फूल आठ-दहा दिवस उशिरा येते, पण संख्येने जास्त येते. तारीख मोजताना हे दिवस धरायला विसरू नका.

खुडलेले शेंडे फेकू नका. खालची पाने काढा आणि ओल्या वाळूत, सावलीत खोचा. दोन आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. मेलेल्या रोपांच्या जागी ही लावता येतात.

किडे आणि औषधे

उन्हाळ्यात लाल कोळी हा मोठा वैरी. तो डोळ्याला नीट दिसत नाही. पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडतात. पान उलटे करून पाहावे तर बारीक जाळी आणि तांबूस कण हलताना दिसतात. पहिल्यांदा दिसताच ती पाने तोडून पुरून टाका. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोराने पाणी मारा. निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी फडक्याने गाळा आणि शंभर लिटर पाणी करा. गंधकाची फवारणीही कोळ्यावर चालते, पण कडक उन्हात गंधकाने पाने करपतात. ती संध्याकाळीच करावी आणि फार तापलेल्या दिवसांत टाळावी.

विषारी औषध घ्यायची वेळ आली तर डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल त्रिकोण सगळ्यांत विषारी. त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. फुलाचे पीक खायचे नाही, मग कसली भीती, असे पुष्कळजण म्हणतात. भीती आहे. फुले तोडणारी बाई दोन-दोन तास तीच फुले हाताळते. हार ओवताना दोरा दाताने तोडते. तिचे मूल त्याच ढिगात खेळते. म्हणून फवारणी झाल्यावर डब्यावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय तोडा करू नये. आणि सकाळी मधमाश्या फुलांवर असताना फवारू नये.

झेंडूची एक चांगली बाजूही सांगू. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म किडे असतात. त्यांना सूत्रकृमी म्हणतात. झेंडूच्या मुळांतल्या रसाने ते कमी होतात. म्हणून झेंडूनंतर त्या रानात टोमॅटो लावला तर फायदा होतो. मात्र बांधावर चार झाडे लावून हा गुण येत नाही. रानात हंगामभर झेंडू दाट उभा राहिला पाहिजे.

तोडा आणि बाजार

फूल पूर्ण उमलले की तोडायचे. आदल्या संध्याकाळी हलके पाणी दिले तर फूल जास्त वेळ टिकते. तोडणी उजाडताच करावी. ऊन वर आल्यावर तोडलेले फूल लवकर मलूल होते, आणि तोडणारीही. फुले सावलीत पसरा, वाफ जाऊ द्या, मग करंडीत भरा. गच्च कोंबलेल्या गोणीत फूल तापते आणि काळे पडते.

फुले झाडावर ठेवून भाव चढायची वाट पाहू नका. एक-दोन दिवस चालते, जास्त नाही. फूल वाळून बी धरू लागले की झाडाला वाटते, आपले काम झाले. ते नवी कळी धरायचे थांबवते. भाव नसला तरी तोडणी चुकवू नये. तोडलेली फुले वाळवून पाकळ्या कोंबड्यांच्या खाद्यात थोड्या घालता येतात. अंड्याचा बलक पिवळाधमक होतो.

गाडीत फुले चढवण्याआधी घरी वजन करा आणि वहीत लिहा. समजा, घरी ४२ किलो भरले. आडत्याच्या पट्टीवर ३८ किलो आहे. वाटेत फूल थोडे सुकतेच. पण रोज चार-चार किलो घटत असेल तर विचारले पाहिजे. भाव ३० रुपये लागला. ३८ गुणिले ३० म्हणजे १,१४० रुपये. त्यातून आडत-हमाली ९० गेली. गाडीभाडे १५० गेले. हाती ९०० रुपये आले. आता ९०० ला ४२ ने भागा. किलोला साडेएकवीस रुपयेही पडले नाहीत. लोक गावात सांगतात, 'माझे फूल तीसने गेले.' खरे तर ते एकवीसने गेले. तोडणीची मजुरी अजून धरलीच नाही. घरच्या माणसांनी तोडले तरी ती धरावी.

एवढ्यासाठीच आम्ही म्हणतो, पहिल्या साली पाच गुंठ्यांच्या वर जाऊ नका. दसऱ्याला काय होते ते आठवा. सारा गाव झेंडू लावतो, सारे फूल एका दिवशी बाजारात येते आणि सांज होता होता ढीग रस्त्यावर पडतात. पुण्या-मुंबईचा बाजार मोठा खरा, पण तिथे आपल्यासारखे हजार येतात. जवळच्या तालुक्याचे हारवाले, देवळाबाहेरचे दुकानदार, मांडववाले यांना आधी भेटा. लग्नाच्या घरी तीथ धरून आगाऊ ठरवता येते. आणि घरात ओवणारे हात असतील तर सुट्या फुलांपेक्षा माळा विका.

दारातली फुले

विकायची नसली तरी दारात चार फुले हवीत. झिनिया बी टाकून जागेवरच उगवावा. रोप उपटून लावलेले त्याला फारसे आवडत नाही. पाणी बुडाशी द्या, पानांवर ओतू नका, नाहीतर पांढरी भुरी धरते. २०१६ च्या जानेवारीत पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाश स्थानकात झिनियाचे फूल उमलले. तिथेही जादा ओलीने त्याला बुरशी धरली होती. पंख्याचा वारा देऊन ओल हटवली, तेव्हा काही रोपे वाचली. आभाळात गेला तरी झिनियाचा स्वभाव तोच!

कोंबड्याचा तुरा आणि बटणाचे फूल उन्हात रंग सोडत नाही. बटण वाळले तरी तसेच दिसते. ऑफिस टाईम म्हणजे आपल्या घोळ भाजीची बहीण. तिची जाड पाने पाणी साठवतात. फुटक्या मडक्यातही येते आणि ऊन चढले की उमलते. सदाफुलीला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ती कुंपणाशी बरी. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे बनतात, हे खरे आहे. पण ती कारखान्यात शुद्ध करून, मोजून, डॉक्टर देतात. साखरेच्या दुखण्यावर म्हणून कोणी तिची पाने चावतात. तसे करू नका. पाला विषारी आहे.

बी धरणे

पाकिटावर 'संकरित' लिहिले असेल तर त्याचे बी धरू नका. पुढच्या साली झाडे नाना तऱ्हेची निघतात. साध्या जातीचे बी धरता येते. भरल्या बहरात सगळ्यांत निरोगी, टपोऱ्या गोंड्याची झाडे निवडा आणि त्यांना दोरा बांधा. पिवळा आणि नारिंगी शेजारी असले तर मधमाश्या त्यांचे मिश्रण करतात. शुद्ध रंग हवा असेल तर दोन्ही दूर लावा. फूल झाडावरच वाळू द्या. मग सावलीत सुकवून बी कोरड्या डब्यात भरा. डब्यावर चिठ्ठी चिकटवा आणि आपल्या हाताने लिहा : फुलाचे नाव, रंग, महिना, साल.

पुढच्या हंगामात पेरणीच्या आठ दिवस आधी डबा उघडा. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके सुकू देऊ नका. सात-आठ बियांना मोड आले तर बी चांगले. चार-पाचांना आले तर दुप्पट बी टाका. एक-दोघांनाच आले तर ते बी टाकून द्या आणि नवे आणा. अजून काही दिवस हाती आहेत.